आईची सदतीस वाक्यं

रविवार, ३ ऑगस्ट

आज लिहिण्यासारखं घडलं म्हणून नवी वही काढली.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून शेजारच्या छबुमावशींनी सांगितलेल्या दवाखान्यात तिला घेऊन गेले. बीडहून नेकनूरच्या गाडीत बसायचं आणि अलीकडच्या फाट्यावर उतरायचं. तिथं ख्रिस्ती सिस्टर लोकांचा चार खोल्यांचा दवाखाना आहे. पट्टी बांधणारी सिस्टर चाळिशीची, सावळी, डोक्यावरच्या फडक्यातून कुरळे केस बाहेर आलेले, आणि बोलणं अस्सल आपल्याकडचं. "आज्जी, लई दुखतंय का? पाय सोडा असा. भ्यायचं न्हाई." आईनं विचारलं, गाव कोणतं बाई? ती म्हणाली, लोस्पालोस. आई म्हणाली, "परळीकडं आलं का?"

मी मात्र जागच्या जागी उभी राहिले. सहा वर्षांपूर्वी पुण्यात सरांनी मला पीएचडीचा विषय दिला : तिमोर बेटाच्या पूर्व टोकाला, याच लोस्पालोसकडं बोलतात त्या फातालुकू भाषेचं व्याकरण. तिकडं जायचं ठरलं होतं, ते बारगळलं. शिष्यवृत्ती संपली. मी बीडला परत आले आणि क्लासमध्ये तलाठी होऊ पाहणाऱ्या पोरांना इंग्रजीचं व्याकरण शिकवू लागले. फातालुकू मी आजवर लोकांच्या पुस्तकांतल्या उदाहरणांवरच केली. जिवंत माणसाच्या तोंडून समोर बसून कधी ऐकली नाही. आणि ते जिवंत माणूस माझ्याच आईचा गुडघा बांधत होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

तिचं नाव सिस्टर जसिंता. इथं येऊन नऊ वर्षं झाली. मी घाबरत घाबरत दोन फातालुकू शब्द म्हटले. तिच्या हातातली पट्टी सुटली. मग हसली आणि मान फिरवून डोळे पुसले. दर रविवारी दोन ते चार वेळ देते म्हणाली. "माझ्या भाषेत बोलायला हितं कुणीच न्हाई, मंजुताई. मी झाडाला पाणी घालताना झाडाशी बोलते."

मला जानेवारीपर्यंतच मुदत आहे, नंतर नोंदणी रद्द. आणि सरांची अट ठरलेली : नुसती उदाहरणाची वाक्यं चालणार नाहीत, निदान अर्धा तास सलग, आपसूक बोलणं हवं.

रविवार, १० ऑगस्ट

पहिली बैठक. रेकॉर्डर टेबलावर, लाल दिवा लागला की सुरू. पद्धत साधी आहे. मी मराठीत एक वाक्य म्हणायचं, तिनं ते फातालुकूत म्हणायचं. मग मी त्यातला एकच शब्द बदलायचा, म्हणजे काय बदलतं आणि काय जागेवर राहतं ते कळतं. माझी आई मका भाजते. तुझी आई मका भाजते. माझे वडील मका भाजतात.

पुस्तकातलं सगळं डोळ्यांसमोर खरं होत गेलं. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. "घरात"मधला "त" जसा आपण नामाच्या मागं लावतो, तसंच तिकडं. आपल्याला "आपण" आणि "आम्ही" असे दोन शब्द आहेत, तसे त्यांनाही आहेत. तो-ती-तेची भानगड मात्र नाही. खुर्ची बाई आणि पलंग बुवा, हे तिला मराठी शिकताना फार हसू आणणारं होतं म्हणे.

आईला त्यांच्यात नालु म्हणतात. तो शब्द म्हणताना तिचा आवाज जरा खाली येतो. नोंद करून ठेवली.

रविवार, १७ ऑगस्ट

आज एक रकाना अडला. यादीत सातवं क्रियापद "मरणे" होतं. मी ओघात म्हटलं, माझी आई मेली. सिस्टर ते म्हणेना. मी म्हटलं, उदाहरण आहे हो, खरं थोडंच आहे? ती म्हणाली, "जित्या माणसाचं असं बोलू न्हाई. माझी आई हाय तिकडं. ऐंशी वर्षांची हाय, पण हाय." मग म्हणाली, "तुजे वडील तर गेलेत ना? त्यांचं घे की."

मी सरळ क्रियापद बदललं. झोपणे. तक्ता त्यानंही भरतो. माझे वडील झोपले. माझे वडील झोपले होते. माझे वडील अजून झोपलेले आहेत. सगळी रूपं मिळाली. रकाना सातपुढं "माहिती अपूर्ण" लिहिलं. कामाशी काम.

रविवार, ७ सप्टेंबर

सलग बोलणं काही जमत नाही. काहीतरी सांगा म्हटलं की ती पाच वाक्यं बोलते आणि शाळेतल्या पोरीसारखी हात मांडीवर ठेवून बसते. लहानपण सांगा म्हटलं, तर म्हणाली, आमच्या घरामागं मका होता, आई मका भाजायची, झालं. "ऐकणारं आपलं माणूस असलं की बोलणं येतं. यंत्राला काय सांगू?"

ते खरंच आहे, पण सरांना कसं सांगायचं?

गुरुवार, १८ सप्टेंबर

छबुमावशी ताक घेऊन आल्या होत्या. आईशी बोलता बोलता माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शिकलेल्या लेकीचं असंच असतंय बाई. बाप गेला तरी डोळ्यात टिपूस न्हाई." आईनं विषय बदलला.

मार्चमध्ये अण्णा गेले तेव्हाचं त्या अजून विसरलेल्या नाहीत. मी तेव्हा सरांना भेटायला पुण्याला गेले होते; परत आले तर गल्लीतल्या बाया दारात वाट बघत होत्या. लेक आली की तिनं उंबऱ्यावरच हेल काढायचा, आईच्या गळ्यात पडायचं, मग सगळ्याजणी सूर धरणार. मी बॅग खाली ठेवली आणि विचारलं, डॉक्टरांचा दाखला कुठाय? बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. मला कोणासमोर मोठ्यानं रडायला जमत नाही, त्यात काय एवढं? अण्णा एसटीत कंडक्टर. बत्तीस वर्षं माजलगावच्या गाडीवर काढली. त्यांनाही आरडाओरडा आवडायचा नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज सिस्टरची आई गेली.

तीन वाजले असतील. आम्ही "देणे" आणि "घेणे" करत होतो. तिचा फोन वाजला. भावाचा होता. ती उठून दाराशी गेली, बराच वेळ नुसती ऐकत राहिली. परत आली, खुर्चीत बसली. रेकॉर्डर सुरूच होता. मी बंद करायला हात पुढं केला आणि तेवढ्यात तिनं खुर्ची टेबलाच्या अगदी जवळ ओढली, तोंड खाली घातलं आणि सुरू झाली.

ते नुसतं रडणं नव्हतं. शब्द होते, नावं होती, एकामागून एक, कितीतरी नावं. एक ओळ म्हणायची, मग तशीच दुसरी ओळ वेगळ्या शब्दांत. आपल्याकडच्या बाया हेल काढतात तसंच, फक्त भाषा वेगळी. अडतीस मिनिटं.

मी हात मागं घेतला. खरं तेच लिहायचं तर लिहिते. मी तिच्याकडं नाही, रेकॉर्डरवरच्या आवाजाच्या पट्टीकडं बघत होते. हुंदका जोरात आला की पट्टी शेवटाला टेकायची, मी आवाज किंचित कमी करायचे. मनात एकच होतं : मिळालं, सलग मिळालं.

मग आतून मोठ्या सिस्टर आल्या, तिला धरून घेऊन गेल्या. मी सामान गोळा केलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मंजुषा, तुझं कोटकल्याण झालं. असं सोनं कोणाला मिळत नाही. तिच्याकडून ओळीओळीचा अर्थ काढून घे. तिची लेखी संमती घे, म्हणजे प्रश्न नाही." तिच्यापुढं कागद कोणत्या तोंडानं धरायचा, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

काल आणि आज मिळून तीनदा लावून पाहिलं. दहा शब्दही कळत नाहीत. तिचा हुंदका आला की मी आवाज बारीक करते, पलीकडच्या खोलीत आई असते.

रविवार, १२ ऑक्टोबर

सिस्टरला तिकडं जाता आलं नाही. त्यांच्या नियमानं सुटी पुढच्या मे महिन्यात. तोंड सुकलं होतं, पण कामाला बसली. मी काही बोलण्याआधी तिनंच विचारलं, "त्या दिशी ह्ये यंत्र चालू होतं ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो. फोन आला तसं मी लगेच बंद केलं."

"बंद केलं?"

"हो. असल्या वेळी कसं चालू ठेवीन?"

ती रेकॉर्डरकडं बघत राहिली. मला वाटलं, तिला माझं वागणं बरं वाटलं असेल. "बरं," म्हणाली. "तू चांगलीच हाईस."

परत येताना गाडीत ते "चांगलीच हाईस" मला फार लागलं. घरी आल्या आल्या ते रेकॉर्डिंग संगणकावरून काढलं. रेकॉर्डरमधलं कार्डही पूर्ण कोरं केलं. मी खोटं बोलले ते आता खरं झालं, निदान इथून पुढं तरी. पीएचडी गेली चुलीत. आई म्हणाली, आज बरी दिसतेस.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तू मला न विचारता?" फोन ठेवून दिला. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप नाही. आयुष्यात एखादी गोष्ट तरी माणसासारखी केली.

रविवार, १९ ऑक्टोबर

उद्या दिवाळी. घरात यंदा फराळ नाही, अण्णांचं वर्ष व्हायचंय. छबुमावशींनी रीतीप्रमाणे डबा भरून आणून दिला. त्यातले चार अनारसे सिस्टरला नेले.

कोऱ्या कार्डावर दोन तास भरले. अंक, रंग, दिशा. ती सांगितलं तेवढंच बोलते. मधेच विचारलं, "ह्या यंत्राचा लाल दिवा कवा लागतो?" मी म्हटलं, आवाज भरत असला की. "आन् बंद केल्यावर?" विझतो. ती पुन्हा "बरं" म्हणाली. यंत्रात तिला आता रस वाटायला लागलाय, चांगलं आहे.

रविवार, २६ ऑक्टोबर

आज मी यादी काढली तर सिस्टरनं हात धरला.

"मंजुताई, आज काम नको. मला एक खरं सांग. दिवा चालू होता."

मी यादी मिटून ठेवली.

"मी बघितलेला. म्हणून तर खुर्ची जवळ घेतली. माझ्या आईची आई, तिची आई, समद्यांची नावं घेतली. भावांची घेतली, मेलेल्या भैणीचं घेतलं. आमच्या घरात असंच हाय. जो पोहोचला न्हाई त्याचं रडणं नंतर तरी तिला ऐकवायचं. दोन नोव्हेंबरला समदी लोकं फुलं घेऊन कबरीवर जातेत. मी भावाला त्याच रात्री सांगितलं, काळजी करू नको, मी रडली हाय, यंत्रात हाय, पाठवते. मग तू बंद होतं म्हणालीस. मला वाटलं, माझेच डोळे फसले. भावाला तसं सांगितलं. तवापासून तो नीट बोलत न्हाई. म्हणतो, नऊ वर्षांत आई इसरलीस. पर मला ठावं हाय, दिवा चालू होता."

मी सगळं सांगितलं. चालू होता, मी खोटं बोलले, आणि मग तिच्या भल्यासाठी म्हणून पुसून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "पुसलं?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आत्ता परत भरू या, मी लावते. तिनं मान हलवली. "ते एकदाच येतं गं."

मग तिनं विचारलं, "तू तर हितंच होतीस. मी काय काय म्हनले? तू भावाला सांग. तुला आमची भाषा येते." आणि मला एक ओळ आठवेना. अडतीस मिनिटं मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. मला आठवत होती ती आवाजाची पट्टी, हिरवी, मग पिवळी, मग लाल.

सोमवार, २७ ऑक्टोबर

बसस्टँडमागच्या आमेरच्या दुकानात कार्ड आणि संगणक दोन्ही घेऊन गेले. मोबाईल दुरुस्तीत त्याचा हात धरणारा बीडमध्ये कोणी नाही म्हणतात. दुपारभर खटपट केली. "ताई, कार्ड कोरं केल्यावर त्याच्यावर दुसरं काही भरलंत का?" मी म्हटलं, दोन तास. "मग त्याच्याखाली दबलं ते. भरलं नसतं तर काढून दिलं असतं, कसम से." संगणकातही काही सापडलं नाही. त्यानं काही घेतलं नाही. वर विचारलं, कुणाचं होतं? मी सांगितलं. तो स्क्रू गोळा करत म्हणाला, "माझ्या अम्मीचा एक मेसेज हाय मोबाईलमधी. येताना दही आण, एवढाच. चार साल झाले. मी फोन बदलत न्हाई."

मंगळवार, २८ ऑक्टोबर

क्लास बुडवून फाट्यावर गेले. सिस्टरला सांगितलं, नाही मिळालं. आमेरचं दह्याचंही सांगितलं, का कोण जाणे.

ती बाहेर झाडाला पाणी घालत होती. डबा खाली ठेवला आणि विचारलं, "ती आपली कामाची वाक्यं हायत का? ऑगस्टातली? मका भाजते, ती?"

आहेत, म्हटलं. ती सगळी संगणकावर वेगळी ठेवलीत.

"त्यातली आईची तेवढी काढ. एकाला एक जोड. ती पाठवू."

"पण सिस्टर, ती नुसती उदाहरणं आहेत."

"तुला उदाहरनं. मी दर वेळी माझीच आई बघून बोललेली."

शनिवार, १ नोव्हेंबर

सकाळपासून बसले. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सगळ्या बैठका ऐकायच्या, "नालु" आलं की ते वाक्य कापून बाजूला ठेवायचं. सदतीस निघाली. माझी आई मका भाजते. माझी आई बागेत गेली. माझी आई मला हाक मारते. माझ्या आईचे हात लहान आहेत. माझी आई नदीवरून परत आली नाही, अजून येतेय. ही मीच बनवलेली वाक्यं, तक्ता भरण्यासाठी. आज ऐकताना प्रत्येकात तिचा आवाज खाली येत होता, आणि मी ऑगस्टात त्याची नोंद करून पुढं गेले होते.

प्रत्येक वाक्याआधी मराठीत माझा आवाज होता, तो कापायचा होता. दुपारी सतरा ऑगस्टची बैठक लावली. हेडफोनचा एक कान बंद पडलाय, म्हणून तसंच मोठ्यानं लावलं. खोलीभर माझा आवाज, क्लासमध्ये असतो तसा कोरडा. माझे वडील घरी आले. माझे वडील झोपले. सिस्टरचं उत्तर. माझे वडील झोपले होते. सिस्टरचं उत्तर. माझे वडील अजून झोपलेले आहेत.

आई गुडघ्याला धरत आतून आली आणि दारातच बसली. मी बंद करायला गेले तर म्हणाली, "राहू दे."

माझे वडील उद्या झोपतील, मी रेकॉर्डिंगमध्ये म्हणत होते. माझे वडील रोज झोपतात.

"कितीदा झोपवशील गं त्यान्ला?" आई म्हणाली.

मला काय झालं माहीत नाही. मी खुर्चीवरून उठून तिच्या गळ्यात पडले. "अण्णा" एवढंच म्हणायचं होतं, पण ते लांबतच गेलं, आणि माझ्या तोंडून तो हेल निघाला, अगदी तसाच, उंबऱ्यावर बाया काढतात तसा. माझ्या अण्णा, मला न सांगता गेलात. माजलगावची गाडी आली अण्णा, तुम्ही नाही आलात. मला येत होतं ते सगळं. कधी शिकले कोण जाणे. आईनं सूर धरला. सात महिने ती माझ्यासाठी थांबली होती, हे मला आज कळलं. भिंतीपलीकडून छबुमावशी पिठाच्या हातांनी धावत आल्या, काय झालं विचारलं नाही, बसल्या आणि रडायला लागल्या.

मग आईनं तोंड धुतलं आणि मला म्हणाली, त्या बाईचं काम पुरं कर, उद्या तिथं लोकं वाट बघतील.

संध्याकाळी सदतीस वाक्यं जोडून झाली. तीन मिनिटं आणि थोडी. पाठवली.

रविवार, २ नोव्हेंबर

सकाळी साडेनवाच्या गाडीनं गेले, आईला सोबत घेऊन. तिकडं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. आम्ही पोहोचलो तेव्हा भावाचा फोन होऊन गेला होता. त्यानं मोबाईल कबरीवर मेणबत्त्यांच्या मधे ठेवला होता म्हणे. "मका भाजते" हे वाक्य आलं तेव्हा धाकटी वहिनी हसली आणि मग सगळेच रडले. तो सिस्टरला म्हणाला, आईशी नेहमीसारखं बोललीस.

"माझं खरं रडणं मात्र गेलं, मंजुताई," ती मला म्हणाली. "ते मी तुला माफ केलं, पर गेलं ते गेलंच." मी हो म्हटलं.

आईचे गुडघे बांधून झाल्यावर सिस्टरनं स्वतःहून यादी मागितली. रकाना सातवर बोट ठेवलं. मी रेकॉर्डर काढला, तिनंच बटण दाबलं आणि लाल दिवा लागलेला बघून घेतला. ठरल्याप्रमाणे आधी मी म्हणायचं होतं.

"माझे वडील वारले," मी म्हणाले.

तिनं ते तिच्या भाषेत म्हटलं. मग मी न विचारताच तिनं तिच्या आईचंही तसंच वाक्य म्हटलं. माझी आई बाकावर बसून दोन्ही ऐकत होती.